बारा कोरडी वर्षं

मला राग लवकर येतो, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून "पावसाचं काय खरं असतं!" असं कुणी म्हटलं, की माझं डोकंच फिरतं. अठ्ठावीस वर्षं मी पावसाचं खरंच तर शोधत आलेय. उद्या पडेल का, ते मला विचारू नका. त्यासाठी शेजारच्या इमारतीत वेगळी माणसं बसतात आणि त्यांना पुरेशी बोलणी खावी लागतात. माझं काम अख्ख्या वर्षांचं. एका जागी वर्षभरात किती मिलिमीटर पडला, असे साठ-सत्तर वर्षांचे आकडे माझ्यापुढे ठेवा. तिथला पाऊस कुठल्या जातीचा आहे, शंभर वर्षांत एकदा तो किती माजेल आणि किती रुसेल, हे मी सांगते.

ही विद्या मला सरांनी दिली. त्यांचा पहिला तास मला काल झाल्यासारखा आठवतो. वर्गात आम्ही सव्वीस जण होतो. सरांनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एकच आकडा, पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वर्षाच्या पावसाचा. फळ्यावर त्यांनी खाली एक आडवी रेघ मारली, तिच्यावर सातशेपासून अठराशेपर्यंत खुणा केल्या आणि म्हणाले, "एकेकानं यायचं, आपल्या आकड्याच्या डोक्यावर एक फुली मारायची आणि गप जागेवर जाऊन बसायचं."

माझी चिठ्ठी अकराशे त्रेचाळीसची होती. मी फुली मारली. माझ्या आधी कुणी मारली होती, नंतर कुणी मारली. आणि बघता बघता फळ्यावर एक टेकडी उभी राहिली. डावीकडून जरा खडी चढणारी, उजवीकडे सावकाश उतरत लांब शेपटी सोडणारी. सरांनी हाताच्या एका झोकात तिच्यावरून खडूची वळणदार रेघ फिरवली. फुल्या जणू त्या रेघेची वाट बघत होत्या.

"यातलं कुठलंही वर्ष दुसऱ्या वर्षाला ओळखत नाही," सर म्हणाले. "एका साली ढग कुठून आले, दुसऱ्या साली कुठून आले, कुणी कुणाला विचारलेलं नाही. मग सगळ्यांनी मिळून ही टेकडी कशी रचली?"

माझ्या अंगावर काटा आला. वर्षांनुवर्षं आभाळ आपल्या मनाला येईल तसं कोसळत असतं आणि तरी ते एका वळणाच्या बाहेर जात नाही, हे मला पहिल्यांदा कळलं होतं. तो काटा अजून गेलेला नाही.

मग सरांनी खिशातून आणखी बारा चिठ्ठ्या काढून दाखवल्या. "या वाटल्या नाहीत. यांची जात वेगळी आहे. सव्वीस वर्षं नेमानं पडून त्या खोऱ्यातला पाऊस एकाएकी निम्म्यावर आला आणि बारा वर्षं निम्माच राहिला."

तीच ती कोरडी बारा वर्षं. पुढे सरांनी त्या खोऱ्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पाचव्या प्रकरणानं त्यांना नाव मिळवून दिलं. डोंगरावरून येणारा वारा मधूनच आपली वाट बदलतो, मग खोऱ्याच्या वाट्याला सुके दिवस येतात आणि एक फेरा पुरा झाला की वारा परत येतो, असा त्यांचा सिद्धांत होता. "पाऊस रोज आला, पण हात आखडून आला," हे त्यातलं वाक्य आमच्या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. परीक्षेत ते लिहिलं की दोन गुण कुठे जात नाहीत. त्या पुस्तकाच्या सगळ्या बेरजा मी केल्या होत्या. बारा वर्षांचे रोजचे आकडे, चार हजारांच्या वर, हातानं. सरांनी तेव्हापासून मला 'बेरीज' म्हणायला सुरुवात केली आणि आजही ते मला त्याच नावानं हाक मारतात.

यंदा खात्यानं ते पुस्तक नव्यानं काढायचं ठरवलं. नोंदी आता अडुसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. सगळी गणितं नव्यानं मांडायची, ती मी. सोमवारी मजकूर छपाईला जायचा होता. सर एकोणऐंशीचे. गेल्या वर्षी पडले तेव्हापासून खुबा जायबंदी, घरातल्या घरात वॉकर धरून चालतात. त्या सोमवारच्या आधीच्या मंगळवारी सरांच्या पत्नीचा, आमच्या काकूंचा फोन आला.

"अगं, रोज विचारतात, बेरजेचं काम कुठवर आलं म्हणून," काकू म्हणाल्या. "पुस्तक हातात पडलं की मी मोकळा, असं म्हणतात. मला धस्स होतं ऐकून. त्या पुस्तकाच्या आधारावरच दिवस काढतायत बघ."

"सोमवारी जातंय छापायला, काकू. काळजी करू नका," मी म्हटलं. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या पायाखालची जमीन सरकली.

झालं असं की, सरांनी त्या बारा वर्षांची फक्त सरासरी काढली होती. बारा आकड्यांवर वक्र बसवू नये, असा त्यांचाच दंडक होता आणि तो बरोबरच आहे. पण आता गणित मशीन करतं, मशीनला काही कष्ट पडत नाहीत. म्हणून मी ती बारा वगळून उरलेल्या छप्पन्न वर्षांवर एक गॅमा वक्र बसवला आणि जाता जाता त्या बारांवरही एक बसवून बघितला.

या गॅमा वक्राला दोन आकडे लागतात. पहिला त्याचा बेत सांगतो: टेकडी चढते कशी, उतरते कशी, शेपटी किती लांब. दुसरा नुसतं माप सांगतो. शिवणकामात असतं तसंच, एकाच बेताचा सदरा बापाचाही निघतो आणि लेकाचाही. छप्पन्न वर्षांचा बेत आला बावीस, बारा वर्षांचा आला चोवीस. एवढ्याशा पुंजीत इतका फरक कुणी मनावर घेत नाही. माप मात्र एकीकडे त्रेपन्न आणि दुसरीकडे पंचवीस. सरासरी अकराशे ऐंशी आणि पाचशे शहाण्णव.

मी खुर्चीत मागे रेलून बसले. पाऊस खरोखर आटतो तेव्हा त्याचा बेतही बिघडतो. कोरड्या मुलखातला पाऊस लहरी असतो. एखाद्या वर्षी धो धो, मग दोन वर्षं ठणठणाट. इथे तसं काही नव्हतं. पाऊस तोच होता, हुबेहूब तोच, फक्त निम्म्या मापाचा. मग मी दिवस मोजले. वर्षातून किती दिवस पर्जन्यमापकाच्या भांड्यात पाणी सापडलं? छप्पन्न वर्षांत सरासरी त्र्याण्णव दिवस. बारा वर्षांत ब्याण्णव. म्हणजे पाऊस खरंच रोज आला होता. हात आखडून आला, हे ठरवलं कुणी?

वारा फिरला तर पाऊस पाव होईल, पाऊण होईल. पण सगळ्या दिवसांचं, सगळ्या वर्षांचं असं काटेकोर निम्मं वारा करत नाही. असलं निम्मं माणूस करतो. आणि त्या माणसांत मीही होते, कारण त्या बेरजा माझ्या होत्या. चार हजार आकडे माझ्या बोटांखालून गेले होते आणि मला काडीचा संशय आला नव्हता.

गुरुवारी मी रजा टाकली आणि बसनं खोऱ्यात गेले. पर्जन्यमापक तिथल्या पंपघराच्या आवारात आहे. पत्र्याच्या दोन शेड, एक पाण्याची टाकी, कुंपणाशी गवतात सिमेंटचा चौथरा आणि त्यावर मापक. सामानाच्या खोलीचा ताबा एका स्टोअरकीपरबाईकडे होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळावर कायमची आठी. माझ्यासारखीच होती, त्यामुळे आमचं जमलं.

"चाळीस वर्षांपूर्वीची रजिस्टरं?" ती म्हणाली. "बाई, तेव्हा मी शाळेत पण जात नव्हते. काय हरवलंय तुमचं?"

"निम्मा पाऊस," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मग वाद न घालता कपाट उघडलं. धुळीनं आम्ही दोघी शिंकून शिंकून बेजार झालो. दीड तासानं सापडलं. सुबक अक्षर, एकही खाडाखोड नाही: 'पाऊस मोजण्याचा काचेचा ग्लास, नग एक, तडकला. पाऊस मोजणाऱ्याचे मागणीवरून बदली नग एक, मोठा. कारण लहान ग्लास जोराचे पावसात आठ-दहा वेळा भरावा लागतो व हात गारठतात.' तारीख कोरडी बारा सुरू होण्याच्या अकरा दिवस आधीची होती. बारा वर्षांनंतरच्या रजिस्टरात त्याच अक्षरात आणखी एक नोंद होती: 'पर्जन्यमापक गंजला, बदलला. नवा मोठ्या तोंडाचा. ग्लास जुनाच चालू.'

मी जमिनीवर दोन्ही रजिस्टरं शेजारी मांडून पुन्हा पुन्हा वाचली. स्टोअरकीपरबाईनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काय झालं? काही वाईट आहे का त्यात?"

मी तिला समजावलं. मापकाचं तोंड आणि ग्लास यांची जोडी असते. तोंड दुप्पट मोठं असेल तर पाणी दुप्पट जमतं, म्हणून त्याच्या ग्लासावरची प्रत्येक रेघ दुप्पट पाण्याला एक मिलिमीटर म्हणते. लहान तोंडाचं पाणी त्या मोठ्या ग्लासात ओतलं तर पाऊस निम्माच दिसणार. बारा वर्षं हेच झालं. मग मापकही मोठा आला, जोडी आपोआप जुळली आणि सगळं सुरळीत झालं. कुणाला पत्ताही लागला नाही.

"म्हणजे हात गारठले म्हणून?" ती म्हणाली.

"हात गारठले म्हणून."

"जुन्या मापकाचं नरसाळं आहे की इथं. इंजिनात तेल ओतायला वापरतो आम्ही."

तिनं ते आणलं. पितळी काठाचं, तेलानं काळवंडलेलं. मी पट्टी लावली. तोंड अकरा पूर्णांक तीन सेंटिमीटर. बाहेर जाऊन नव्या मापकाला लावली. सोळा. त्रिज्यांचे वर्ग करायला मला कागद लागला नाही. दुप्पट.

त्या चौथऱ्याशी मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. एरवी अशी चूक सापडली की मी चूक करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पण पाऊस मोजणाऱ्या त्या माणसाचा मला रागच येईना. बारा वर्षं, रोज सकाळी साडेआठला, गारठलेल्या हातांनी त्यानं इमानेइतबारे निम्मा पाऊस लिहून ठेवला होता. एक दिवस चुकवला नव्हता. आणि पाऊस? तो आपला पडतच होता. ग्लास चुकीचा, वही चुकीची, माझी बेरीज चुकीची, सरांचा सिद्धांत चुकीचा. इतक्या चुकांखाली गाडला गेला तरी त्यानं आपला बेत सोडला नव्हता. चाळीस वर्षांनी त्या बेतावरूनच तो ओळखू आला. मला भरून आलं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे आपण उभे आहोत आणि आपल्या हातात एक पट्टी आहे, असं वाटून मला हसूही आलं.

परतीच्या बसमध्ये मात्र मोबाईलवरचे नोंदींचे फोटो मी दोनदा उघडले आणि दोनदा बंद केले. कारण आता सरांना सांगायचं होतं.

शुक्रवारी प्रकाशन विभागातल्या साहेबांनी हटकलं. "पाचवं प्रकरण तसंच ठेवताय ना? लोक मागतात ते त्याच्यासाठीच." मी म्हटलं, सोमवारी सांगते. ते म्हणाले, सोमवारी सांगायचं काय, सोमवारी द्यायचंय. मी त्यांच्यावर उगीचच ओरडले.

मनात आलं, कशाला सांगायचं? एकोणऐंशी वर्षांचा माणूस, वॉकर धरून खिडकीपाशी बसलेला. काकू म्हणतात, पुस्तकाच्या आधारावर दिवस काढतायत. छापू दे आहे तसं. ते असेतोवर गप्प बसावं, मग सावकाश दुरुस्ती प्रसिद्ध करावी. हे मनात आलं, हे लिहायची लाज वाटते. पण आलं आणि दिवसभर जाईना. संध्याकाळी मी स्वतःलाच विचारलं, त्यांनी मला असं फसवलेलं मला चाललं असतं का? मग शनिवारी सकाळी नरसाळं कागदात गुंडाळलं, तेही स्टोअरकीपरबाईच्या रजिस्टरात सही करून आणलेलं, आणि सरांच्या घरी गेले.

काकूंनी दार उघडलं. "झालं का गं?" त्यांनी हळूच विचारलं. मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाच कळलं नाही.

सर खिडकीजवळच्या टेबलापाशी बसले होते. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्यासाठीच, हे दिसतच होतं. "ये बेरीज," ते म्हणाले. "पाचव्या प्रकरणात नवीन वर्षांचा तक्ता कुठे टाकलास ते आधी सांग."

मी सांगून टाकलं. आडवळणं घेतली नाहीत, मला ती जमतही नाहीत. बेत, माप, ब्याण्णव दिवस, ग्लास, गारठलेले हात.

"शक्य नाही," सर म्हणाले. "डोंगराच्या वाऱ्याचं काय? मी सहा वर्षं अभ्यास केलाय त्या वाऱ्याचा."

"वारा फिरला असेलही, सर. पाऊस कमी झाला नव्हता."

"कुणी सांगितलं तुला? रजिस्टरात काय, काहीही लिहितात. कारकुनाच्या एका ओळीवर तू माझी बारा वर्षं पुसायला निघालीस?" त्यांचा आवाज चढला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी नोंदींचे फोटो सरांपुढे ठेवले आणि कागद सोडून नरसाळं टेबलावर ठेवलं.

सरांनी खणातून स्वतःची पट्टी काढली. माझ्या पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि नसावाच. त्यांनी नरसाळं तीनदा तीन बाजूंनी मोजलं. बोटं तेलानं काळी झाली, इस्त्रीच्या सदऱ्याला डाग पडला. मग त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्या पाच मिनिटांत ते मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"कपाटात वरच्या खणात गुंडाळी आहे," ते शेवटी म्हणाले. "काढ."

तो मूळ आलेख होता. खास आखलेला कागद, ज्यावर त्या जातीचा पाऊस वळणाऐवजी सरळ रेघेत येतो. पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. त्यावर शाईचे सव्वीस ठिपके आणि त्यांच्यामधून गेलेली सरांच्या हातची एक बारीक निळी रेघ.

"पेन्सिल दे. आणि त्या बारांची दुप्पट कर. मोठ्यापासून लहानापर्यंत सांग."

त्यांनी कागदाच्या कडेला बारा ठिपक्यांनी पडतात तेवढे तेरा भाग पाडले, आम्हाला शिकवले होते तसेच. मी पहिला आकडा सांगितला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि ठिपका दिला. रेघेच्या किंचित वर. दुसरा सांगितला. रेघेला लागून. तिसरा. चौथा. पाचव्यानंतर सर नुसते माझ्या तोंडाकडे बघत, कान देऊन आकडा ऐकत आणि पेन्सिल टेकवत. सातवा रेघेवर. नववा रेघेवर. अकरावा जरासा खाली. बारावा थेट रेघेवर जाऊन बसला.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बेरीज," सर म्हणाले. "ही रेघ मी यांना वगळून काढली होती गं."

"हो सर."

"मी म्हटलं, हे आपल्या जातीचे नाहीत. बाहेर काढलं त्यांना. आणि हे बघ, एकूण एक माझ्याच रेघेवर येऊन बसले. मला ठाऊक नसताना. यांचं तोंडही न बघता मी यांची जागा काढून ठेवली होती!" त्यांनी तळहात कागदावर ठेवला, मग कागदाला तेल लागेल म्हणून चटकन उचलला. "याहून मोठी परीक्षा कुठल्या रेघेची झाली असेल? सांग मला."

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

थोड्या वेळानं ते शांतपणे म्हणाले, "पाचवं प्रकरण गेलं."

मी आलेखाच्या कडा हातानं दाबून धरल्या.

"लोक मला त्याच्यावरूनच ओळखतात. पोरं ते वाक्य लिहितात पेपरात. अठ्ठावीस वर्षं दर वर्षी मी त्या कोरड्या फेऱ्याची वाट बघितली. यंदा येईल, पुढच्या साली येईल. नाही आला की वाटायचं, माझंच काहीतरी राहून गेलं. जे कधी आलंच नव्हतं ते परत कुठून येणार होतं?" त्यांचे डोळे भरले होते. काकू पुढे आल्या आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सर, हे अजून कुणालाच माहीत नाही," मी म्हटलं. "तुमची इच्छा नसेल तर एवढ्यात..."

"अक्कल गहाण टाकलीस का?" ते असे कडाडले, की मी पुन्हा वर्गात बसल्यासारखी ताठ झाले. "लिही. प्रकरण पाचवं. पहिली ओळ. या प्रकरणात मी बारा कोरड्या वर्षांविषयी लिहिलं होतं. तशी वर्षं झाली नाहीत. चूक माझी."

"बेरजा माझ्या होत्या, सर."

"बेरजा बरोबर होत्या. विचारायला हवं होतं मी. ब्याण्णव दिवस हातात होते माझ्या आणि मी त्यावर एक छानसं वाक्य रचून मोकळा झालो." त्यांनी डोळे पुसले, तेलाचा एक फराटा गालावर उमटला. "आणि त्या पाऊस मोजणाऱ्या माणसाबद्दल नीट लिही. बारा वर्षांत त्यानं एक दिवस चुकवला नाही म्हणून आज हे कळलं. त्याला दोष द्यायचा नाही."

मी लिहून घेतलं. सोमवारी मजकूर जायचा होता, तो जाणार होता. मी कागद आवरायला लागले तशी सरांनी माझा हात धरला.

"थांब. आता ते परत वाच. मोठ्यापासून लहान नको. वर्षांच्या क्रमानं. दुप्पट करून."

त्यांनी डोळे मिटले. मी वाचायला लागले.

"अकराशे चार."

"पडला," सर म्हणाले.

"नऊशे अठ्ठ्याहत्तर."

"पडला."

"चौदाशे सहा."

"पडला."

एकेक वर्ष मी वाचत गेले. घाई केली नाही. बाराशे वीस, आठशे छत्तीस, तेराशे दहा. मान हलवून प्रत्येकाला ते तोच एक शब्द म्हणत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. फळ्यावर फुल्या मारून झाल्यावर आमचे चेहरे कसे झाले असतील, ते मला तेव्हा समोर दिसलं. सोळाशे चौतीस आला तेव्हा ते मोठ्यानं हसले; म्हणाले, इतका पाऊस, आणि आपल्याला कळलाच नाही.

"आठशे सत्तर," मी शेवटचं वर्ष वाचलं.

सरांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. काकूंनी वाट बघितली. मग जन्मात कधी आकड्यांच्या वाटेला न गेलेल्या काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पडला हो. तोही पडला."